भय आणि हास्य : 'डार्क शॅडोज' या मालिकेचे विनोदी रूपांतर आणि तिचा निष्ठावंत प्रेक्षकवर्ग

एखाद्या गंभीर कृतीचे विनोदी रूपांतर झाले म्हणजे तिच्या चाहत्यांस राग येतो, ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते की तिची चिकित्सा करावी असे सहसा कोणास सुचत नाही. चाहता हा हळवा असतो आणि हळव्या माणसाला थट्टा सोसत नाही, एवढे म्हटले की विषय संपला असे मानले जाते. प्रस्तुत निबंधात ज्या प्रकरणाचा विचार करावयाचा आहे त्यात मात्र हे स्पष्टीकरण मुळीच लागू पडत नाही. 'डार्क शॅडोज' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे चाहते तिला हसत नव्हते असे नाही. उलट १९६६ पासून ते तिला मनमुराद हसत आले होते. असे असता २०१२ साली टिम बर्टन यांनी तिच्यावर काढलेल्या विनोदी चित्रपटाने त्यांतील पुष्कळांना दुखावले, ते का? हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासेल. परंतु एखादी कृती कोणाच्या मालकीची असते, तिचा 'पाठ' कोण जतन करतो आणि त्या जतनामुळे जतन करणाराला कोणता अधिकार प्राप्त होतो, हे जुने प्रश्न त्याच्या पोटात आहेत. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ते परके वाटू नयेत.

प्रथम मालिकेविषयी. डॅन कर्टिस यांच्या कल्पनेतून निघालेली ही मालिका ए.बी.सी. या वाहिनीवर २७ जून १९६६ रोजी सुरू झाली व २ एप्रिल १९७१ रोजी संपली. आठवड्यातून पाच दिवस, दुपारच्या वेळी, अर्ध्या तासाचा एक भाग, अशा रीतीने तिचे एकूण १२२५ भाग झाले. दुपारच्या अशा मालिकांना अमेरिकेत 'सोप ऑपेरा' म्हणतात. १९३० नंतरच्या दशकात नभोवाणीवरील घरगुती श्रुतिकांचा खर्च साबणाचे कारखानदार करीत, त्यावरून हे काहीसे कुचेष्टेचे नाव रूढ झाले. 'डार्क शॅडोज'ने या घरगुती साच्यात गॉथिक कादंबरीची सामग्री भरली. मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक बंदर, कड्यावरील कॉलिनवुड हा वाडा, अठरा वर्षे घराबाहेर न पडलेली मालकीण आणि आपल्या जन्माचा शोध घेत तेथे शिक्षिका म्हणून येणारी व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी, असा आरंभ होता. शार्लट ब्राँटी यांच्या 'जेन एअर'ची छाया त्यावर उघड दिसते. मालकिणीच्या भूमिकेत जोन बेनेट ही हॉलिवुडमधील नामांकित अभिनेत्री होती. हॉरेस वॉल्पोल यांच्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून (१७६४) चालत आलेली पडका वाडा, शाप, कोंडलेले रहस्य ही सर्व उपकरणे येथे होतीच. नवे होते ते केवळ त्यांचे दैनंदिनत्व. ज्या भयाची भेट वाचक एखाद्या रात्री घेत असे, ते आता रोज दुपारी घरी येऊ लागले.

पहिले काही महिने मालिका रेंगाळली. एप्रिल १९६७ मध्ये, दोनशेहून अधिक भाग झाल्यावर, शवपेटीतून बार्नबस कॉलिन्स हा पिशाच बाहेर पडला. ही भूमिका जोनाथन फ्रिड या कॅनेडियन नटाकडे होती. हे पात्र थोड्या आठवड्यांपुरतेच आणावयाचे व मग नष्ट करावयाचे, असा मूळ बेत होता. परंतु प्रेक्षकांच्या पत्रांचा असा काही वर्षाव झाला की बार्नबसला मारणे अशक्य होऊन बसले. आता ज्याला मारता येत नाही असा खलपुरुष कायमचा खल तरी कसा राहणार? लेखकांनी त्याला पूर्वेतिहास दिला. नोव्हेंबर १९६७ पासून सुमारे चार महिने कथानक थेट १७९५ सालात नेले आणि अँजेलीक या चेटकिणीच्या शापाने तो पिशाच झाला हे दाखविले. मॅगी एव्हन्सला कोंडून ठेवणारा निर्दय बार्नबस अशा रीतीने पश्चात्तापदग्ध झाला. आज पाश्चात्त्य कथांतून सर्रास आढळणारा 'नाइलाजाचा पिशाच' येथे घडत होता. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा बदल एकट्या लेखकाने केलेला नाही. पत्रे लिहिणाऱ्या प्रेक्षकांचा त्यात हात आहे. पुढे याच प्रेक्षकांनी या पात्रावर हक्क सांगितला तेव्हा तो सर्वस्वी पोकळ नव्हता, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

आता हास्याकडे वळू. ही मालिका फितीवर मुद्रित होत असली तरी जवळजवळ प्रत्यक्ष प्रयोगासारखीच होई. त्या काळी चित्रफीत कापून जोडणे खर्चाचे व कटकटीचे होते. त्यामुळे चूक झाली तरी ती तशीच राही. नट वाक्ये विसरत, दृश्यात ध्वनिग्राहकाचा दांडा डोकावे, बंद व्हावयाचे दार बंद होत नसे, दगडी म्हणून दाखविलेली भिंत हलत असे. फ्रिड यांना पाठांतर कठीण जाई. वाक्य आठवताना त्यांच्या डोळ्यांत जी व्याकुळता येई तीच प्रेक्षकांना बार्नबसची व्याकुळता वाटे, असे चाहते प्रेमाने सांगतात. मला हे निरीक्षण फार मार्मिक वाटते. या चुकांची एक स्वतंत्र चित्रफीत पुढे विक्रीस निघाली आणि चाहत्यांनी ती आनंदाने घेतली. सुसान सोंटॅग यांनी १९६४ साली 'कँप' या अभिरुचीविषयी लिहिताना भाबडे आणि हेतुपुरस्सर असे तिचे दोन प्रकार मानले होते. पहिल्यात कृती मनापासून गंभीर असते, तिची झेप साधत नाही आणि त्या फसण्यातच गोडी उत्पन्न होते. दुसऱ्यात कर्ता स्वतःच डोळा मिचकावीत असतो. 'डार्क शॅडोज' पहिल्या प्रकारात मोडते हे उघड आहे. तिच्यातले नट एकदाही डोळा मिचकावीत नाहीत.

भारतीय साहित्यशास्त्राच्या भाषेत हा मुद्दा अधिक नेमका मांडता येतो. विश्वनाथाने साहित्यदर्पणात भयानक व करुण हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. विरोधी रस एकत्र आलेच तर त्यांचा आश्रय भिन्न ठेवावा, म्हणजे विरोधाचा परिहार होतो, असे ध्वनिकारांपासून सांगितले गेले आहे. मालिकेच्या चाहत्यांच्या अनुभवात नेमका असाच, आलंबनाचा भेद होता. भीती आणि करुणा यांचे आलंबन बार्नबस. हास्याचे आलंबन वाक्य विसरलेले फ्रिड, किंवा हलणारी भिंत. प्रेक्षक एकाच क्षणी दोन्ही अनुभवू शके, कारण दोहोंची ठिकाणे वेगळी होती. पात्राला कोणी हसत नव्हते. हे शास्त्र दूरचित्रवाणीसाठी रचलेले नाही हे खरे. तथापि येथे ते उपयोगी पडते, म्हणून वापरावे.

मालिका १९७१ साली बंद पडली तेव्हा तिचे आयुष्य संपावयास हवे होते. दुपारच्या मालिका पुन्हा दाखविण्यासाठी नसतातच. त्या काळच्या कित्येक मालिकांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. 'डार्क शॅडोज' अपवादाने टिकली. १९७५ च्या सुमारास तिचे पुनःप्रक्षेपण सुरू झाले, त्याच सुमारास चाहत्यांची हस्तमुद्रित नियतकालिके निघू लागली, १९८३ पासून त्यांचे मेळावे भरू लागले आणि पुढे घरगुती चित्रफिती विक्रीस आल्या. १२२५ भागांपैकी फक्त एका भागाची चित्रफीत हरवली आहे. तो भाग आज पाहावयास मिळतो तो घरी केलेल्या ध्वनिमुद्रणाला स्थिरचित्रांची जोड देऊन. आपल्याकडे खंडित पोथीची पाने दुसऱ्या प्रतीवरून भरून काढतात, त्याच जातीचे हे काम आहे. कोणा प्रेक्षकाने दूरचित्रवाणीसमोर ध्वनिमुद्रक धरला नसता तर तेवढा पाठ कायमचा गेला असता.

या वर्तुळात स्त्रियांची संख्या मोठी होती. समलिंगी पुरुषांनाही त्यात जागा सापडली होती. हॅरी बेनशॉफ यांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या चाहत्यांच्या संदर्भात लिंगभाव व लैंगिकता यांचा विचार केला असून २०११ साली मालिकेवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. जन्मभर एक गुपित वागविणारा, उजेडात येऊ न शकणारा, स्वतःचीच भीती वाटणारा नायक कोणाला जवळचा वाटेल, हे फारसे समजावून सांगावयास नको. ज्याला घरात बोलता येत नाही अशा मुलाला रोज दुपारी कॉलिनवुडमध्ये आपली गोष्ट गंभीरपणे सांगितली जाताना दिसत असे. हा गंभीरपणा, भिंती हलत असतानाही न ढळणारा, हीच त्या मालिकेची देणगी होती.

२०१२ पूर्वी रूपांतरे झाली नव्हती असे नाही. पहिले तर खुद्द कर्टिस यांनीच केले. १९७० सालच्या 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' या चित्रपटात त्यांनी बार्नबसला पुन्हा निर्दय केले, रक्तपात वाढविला आणि कॉलिन्स कुटुंबातील बहुतेकांना मारून टाकले. १९९१ साली एन.बी.सी. वाहिनीवर त्यांनीच मालिका नव्याने आणली. बेन क्रॉस हे बार्नबस होते. आखाती युद्धाच्या बातम्यांनी तिच्या वेळा उधळल्या गेल्या आणि बारा भागांत ती आटोपली. २००४ साली आणखी एक प्रायोगिक भाग तयार झाला, तो प्रक्षेपितच झाला नाही. २००६ साली कर्टिस वारले. या रूपांतरांविषयी चाहत्यांत मतभेद होते, पण ते 'हा बार्नबस बरा की तो बरा' अशा स्वरूपाचे. जाती बदलली, असा आक्षेप कोणी घेतलेला दिसत नाही. रूपांतरे भयकथाच राहिली होती.

बर्टन यांच्या चित्रपटाची वार्ता आली तेव्हा चाहत्यांच्या अपेक्षा मोठ्या होत्या. बर्टन आणि बार्नबसची भूमिका करणारे जॉनी डेप हे दोघेही लहानपणी मालिका पाहत असत. मिशेल फायफर यांचेही तेच. म्हणजे हा चित्रपट बाहेरच्यांनी केलेला नव्हता. मार्च २०१२ मध्ये त्याची जाहिरात-चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि तीत विनोद व सत्तरीच्या दशकातील नाचगाणी यांखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. धक्का बसला तो येथे. एप्रिलमध्ये जोनाथन फ्रिड यांचे ८७ व्या वर्षी निधन झाले. ११ मे रोजी चित्रपट अमेरिकेत लागला. या तीन महिन्यांतील प्रतिक्रियांचा विचार करताना एक पथ्य पाळले पाहिजे, जे अनेकांनी पाळलेले नाही: चित्रपट पाहण्यापूर्वीचा संताप आणि पाहिल्यानंतरचे मत ही दोन वेगळी साधने आहेत. पहिले जाहिरातीविषयी आहे. प्रत्यक्ष चित्रपट जाहिरातीइतका उथळ नाही. त्याचा आरंभ पूर्णतः गंभीर आहे; शाप, कड्यावरून उडी घेणारी प्रेयसी, जिवंत पुरला जाणारा नायक यांत थट्टेचा लवलेश नाही. व्हिक्टोरिया आगगाडीने येते तो प्रसंगही मालिकेच्या पहिल्या भागाची आठवण ठेवून रचलेला आहे.

विनोद सुरू होतो तो बार्नबस १९७२ सालात उठल्यावर, आणि तो बहुतांशी भाषेचा विनोद आहे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे क्षणभर थांबावेसे वाटते. मालिकेतही बार्नबस दीडपावणेदोन शतकांनंतर उठतो. त्याचीही वाणी जुनी, पल्लेदार व दरबारी आहे. परंतु तो कॉलिनवुडच्या दारात उभा राहतो तो 'इंग्लंडहून आलेला आप्त' म्हणून. त्या बतावणीमुळे त्याच्या भाषेला एक स्वाभाविक कारण मिळते. ऐकणारे म्हणतात, हा परदेशी, जुन्या वळणाचा सभ्य गृहस्थ दिसतो. त्याची प्रयुक्ती हाच त्याचा बुरखा आहे. ती जितकी निर्दोष तितका तो सुरक्षित. प्रेक्षकाला खरे माहीत असते आणि म्हणून प्रत्येक शिष्ट वाक्यातून भय पाझरते. चित्रपटात नेमके उलटे केले आहे. घरच्या मालकिणीला तो कोण हे लगेच कळते. बतावणीचे ओझे जवळजवळ उरतच नाही. मग तीच भाषा दूरचित्रवाणी संचाशी, उपाहारगृहाच्या प्रकाशित पाटीशी आणि रानात शेकोटीभोवती बसलेल्या हिप्पी तरुणांशी बोलताना ऐकू येते. शब्द तेच, श्रोता बदलला. आणि जे भयाचे साधन होते ते हास्याचे झाले. वाक्यरचना तीच असूनही केवळ संवादाच्या चौकटीने अर्थ कसा पालटतो, याचे इतके शुद्ध उदाहरण शोधूनही मिळणे कठीण.

यातून आणखी एक गोष्ट निघते. चाहत्यांचा सर्वांत मोठा आरोप असा होता की, चित्रपटाने मालिकेचे विडंबन केले. मला हा आरोप तंतोतंत खरा वाटत नाही. विडंबनास मूळ कृतीच्या लकबी उचलाव्या लागतात. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'त (१९२५) समकालीन कवींची वळणे उचलली म्हणून ते विडंबन ठरले. ज्याला मूळ कविता ठाऊक तोच त्याला पुरता हसू शकतो. जेन ऑस्टिन यांची 'नॉर्थँगर ॲबी' गॉथिक कादंबऱ्यांना हसते, तेही त्या भरपूर वाचून. बर्टन यांच्या चित्रपटात हलणारी भिंत नाही, विसरलेले वाक्य नाही, डोकावणारा दांडा नाही. त्याचा विनोद १९७२ सालाविषयी आहे, मालिकेविषयी नाही. तो समजण्यासाठी मालिका पाहिलेली असण्याची गरजच नाही. चाहते ज्याला 'थट्टा' म्हणत होते ती वस्तुतः थट्टा नव्हती. ते दुर्लक्ष होते. थट्टा झाली असती तर, मला वाटते, त्यांनी ती सोसली असती, कारण थट्टेचे साहित्य त्यांच्याच भांडारातून घ्यावे लागले असते. येथे मात्र ज्या हास्यात ते चाळीस वर्षे भागीदार होते त्याला चित्रपटात जागा नव्हती, आणि ज्या पात्राला ते कधी हसले नव्हते तेच हास्याचे आलंबन झाले होते.

डॉ. ज्युलिया हॉफमन यांच्या बाबतीत तर हा घाव प्रत्यक्षच होता. मालिकेत ग्रेसन हॉल यांनी केलेली ही वैद्यबाई प्रथम बार्नबसला बरे करण्याचा प्रयोग करते, मग त्याचे गुपित राखते आणि शेवटी त्याच्यावर मूकपणे प्रेम करते. तो ते प्रेम कधीच पुरते स्वीकारत नाही. चाळिशीतील, बुद्धिमान, फारशी रूपवती न मानली गेलेली स्त्री अशा मालिकेच्या केंद्रस्थानी असणे हीच मोठी गोष्ट होती. चाहत्यांनी, विशेषतः स्त्री-चाहत्यांनी, आपल्या नियतकालिकांतून या दोघांच्या असंख्य कथा लिहिल्या. मालिकेने जे दिले नाही ते स्वतः लिहून पुरे केले. चित्रपटात हीच हॉफमन मद्यपी आहे, तारुण्याच्या लोभाने बार्नबसचे रक्त चोरते, एका ग्राम्य विनोदाचा विषय होते, आणि अखेर बार्नबस तिला मारून समुद्रात टाकतो. हेलेना बॉनम कार्टर यांचा अभिनय चांगला आहे. प्रश्न अभिनयाचा नाही. जिच्यासाठी कथा लिहीत अनेकींची वर्षे गेली, तिचा असा निकाल लागलेला पाहून कोणी खिन्न झाले असेल तर त्यास हळवेपणा म्हणून बाजूस सारता येणार नाही. मॅगी एव्हन्स आणि व्हिक्टोरिया विंटर्स या दोन स्वतंत्र नायिकांचे एकीकरण केले गेले, त्याविषयीची नाराजी या मानाने सौम्य होती.

दुसरी बाजू सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. चाहत्यांचा एक गट चित्रपटावर खूष होता. काहींना त्याची दृश्यरचना आवडली, काहींना ईव्हा ग्रीन यांची अँजेलीक. आणि काहींचा हिशेब सरळ होता: चित्रपट कसाही असो, त्यामुळे नवे लोक मालिकेकडे वळतील. हा हिशेब अगदीच चुकला नाही. त्याच २०१२ साली संपूर्ण मालिका शवपेटीच्या आकाराच्या पेटीत एकत्र विक्रीस आली. व्यवहारात मात्र चित्रपट अमेरिकेत फारसा चालला नाही. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून तेथे ८ कोटींच्या आत उत्पन्न झाले. जगभरचे मिळून ते सुमारे २४ कोटी ५० लाखांवर गेले. आदल्याच आठवड्यात 'ॲव्हेंजर्स' लागला होता, हे त्याचे एक कारण. दुसरे मला असे वाटते की, चित्रपटाने दोन्ही प्रेक्षक गमावले. भयकथेची आवड असणाऱ्यांना जाहिरातीने परतविले, आणि विनोदासाठी आलेल्यांना आरंभीचा व शेवटचा गंभीर भाग कशासाठी हे उमगले नाही. एकशे तेरा मिनिटांत ते उमगणे अवघडही होते. मालिकेतील भावना कालावधीवर उभी आहे. १८४० सालच्या कथानकात, जानेवारी १९७१ मध्ये, अँजेलीक मरत असता बार्नबसला आपले तिच्यावर प्रेम असल्याचे कळते. ही कबुली प्रेक्षकाला पटते, कारण त्या दोघांच्या वैराची तीन वर्षे त्याने भाग-भाग करून भोगलेली असतात. चित्रपटातील अँजेलीक आपले हृदय अक्षरशः काढून देते; प्रसंग देखणा आहे, पण त्यामागे ते दिवस नाहीत.

चित्रपटातील कॉलिनवुडच्या मेजवानीत चार पाहुणे दारातून आत येतात: जोनाथन फ्रिड, लारा पार्कर, डेव्हिड सेल्बी आणि कॅथरिन ली स्कॉट. मूळ बार्नबस, मूळ अँजेलीक, मूळ क्वेंटिन, मूळ मॅगी. हे चित्रण २०११ साली इंग्लंडमध्ये झाले. फ्रिड यांचे ते अखेरचे चित्रपटदर्शन. दृश्य काही सेकंदांचे आहे आणि ज्याला हे चेहरे ठाऊक नाहीत त्याला ते दिसतही नाही. ज्यांना ठाऊक होते त्यांच्यासाठी मात्र तो क्षण चित्रपट लागला तेव्हाच श्रद्धांजलीचा झाला होता. मान दिला हेही खरे आणि दाराशीच ठेवले हेही खरे, अशा दुहेरी भावनेने चाहत्यांत त्याविषयी बोलले गेले.

एक लहानसा भाषिक परिणाम नोंदवावयाचा राहिला. १९७० च्या चित्रपटाचे नाव निराळे होते. १९९१ ची मालिका लवकरच विस्मृतीत गेली. २०१२ पासून मात्र नुसते 'डार्क शॅडोज' म्हटले की सामान्य माणसाला डेप यांचा पांढरा चेहरा आठवू लागला, आणि चाहत्यांना आपल्या मालिकेस 'मूळ' हे विशेषण सर्वत्र जोडावे लागू लागले. नवी वस्तू आल्यामुळे जुनीलाच विशेषण घ्यावे लागते, हा प्रकार भाषेत नित्याचा आहे. वीज आल्यावर साध्या दिव्याचा 'तेलाचा दिवा' झाला. २०१९ साली दूरचित्रवाणीसाठी आणखी एका 'डार्क शॅडोज'ची घोषणा झाली. ती पुढे पडद्यावर आली नाही. परंतु तिच्या योजकांनी प्रथमपासून एक गोष्ट स्पष्ट केली होती: हे रूपांतर नसून १९७१ साली थांबलेल्या कथेचाच पुढचा भाग असेल.